कागदावरचा मुकादम

आईस, दाराशी गुडघे टेकून माशुदूचा नमस्कार.

मी बरा आहे. इथल्या पीचला आपल्या आंब्यांची सर नाही, पण ते राहू दे.

मुकादम झालो, असं मागे कळवलं होतं. पीचच्या कारखान्यातल्या मुकादमांच्या यादीत नाव पाहून मीच फसलो. काळ्या माणसांनाही मुकादम केलंय, एवढंच गोऱ्या मालकांना सरकारी तपासणीत दाखवायचंय. मी अजून पेट्याच धुतो. एकोणीस वर्षं राबणारी नोसिफो मावशी यादीत नाहीच. ती ओरडते, “अहो मुकादम, ती पेटी राहिली!” सगळे हसतात, मीही.

मंगळवारी सरकारी साहेब येणार. त्याआधी यादी खरी असल्याची माझी सही हवीय, नाहीतर कामावरून काढतील. माझा हात धजत नाही.

तुझा गुडघा कसाय? मुकादमकीचं चर्चमध्ये सांगितलंस का? नसशील, तर सांगू नकोस. सांगितलं असशील, तर लगेच कळव, मंगळवारच्या आत. सहीचं त्यावरच ठरवीन.

तुझा माशुदू