जुने ब्रेक

शुगर लँड, ऑक्टोबर २००६

सुनेत्रावहिनींना,

अपघात झाला तेव्हा दादा फार वेगात होता, असं तुम्ही सगळ्यांना सांगता. चूक त्याची नव्हती.

त्याच्या वीस वर्षं जुन्या गाडीत मी दुप्पट ताकदीचं नवं इंजिन बसवलं. ब्रेक जुनेच ठेवले. ते पुरणार नाहीत हे मला ठाऊक होतं. पण दसऱ्याला गाडीची पूजा व्हायला हवी होती.

"ब्रेक राहिले ना रे?" दादाने विचारलं.

"पुढच्या वीकेंडला. तोवर हळू चालव, म्हाताऱ्या."

काल आयसीयूबाहेर तुम्ही म्हणालात, "भावजी, तुमच्याच आधारावर आहे मी." मी तुमच्यासाठी चहा आणायला गेलो.

तो शुद्धीवर यावा असं मला मनापासून वाटतं. पण आतून नर्स आली की तो बोलला असेल, या भीतीने मी दचकतो.

तुमचा दीर,
सुशांत