जंतूंची वामकुक्षी

बिबवेवाडी, पुणे

तीर्थरूप दत्तप्रसादमामांस,

आनंदचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा, मामींचा रक्तदाब आणि आपली खाडी, तिघांचीही प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही पार हादरून गेलो आहोत, म्हणून फोनऐवजी पत्र. (फोनवर बोललेलं शेजारी ऐकतात.)

आमच्या सोसायटीच्या तळघरातला सांडपाण्याचा प्लॅन्ट आपण मागच्या खेपेला पाहिलातच. मोऱ्या-संडासांचं पाणी टाकीत येतं, तिथले जंतू त्यातली घाण खातात आणि निवळलेलं पाणी बागेला जातं. त्या जंतूंना हवा लागते, ती एक ब्लोअर घरघर करत अहोरात्र पुरवतो. त्या घरघरीच्या बरोबर वर आमचे अध्यक्ष नागोराव राहतात. मूळचे परभणीचे, पण वामकुक्षीच्या बाबतीत सात पिढ्यांचे पुणेकर. त्यांनी सभेत ठराव मांडला की दुपारी एक ते चार ब्लोअर बंद ठेवावा. पार्किंगवरून एकमेकांचं तोंडही न पाहणाऱ्या माणसांनी एकमताने हात वर केले. दुकानं बंद, दवाखाने बंद, मग जंतूंनीच काय घोडं मारलंय की त्यांनी भर दुपारी राबावं? अनुमोदन, सेक्रेटरी या नात्याने, अस्मादिकांचं.

काही दिवसांनी वास सुरू झाला. संशय कुणावर यावा? आपण प्रेमाने पाठवलेल्या सुक्या बोंबलांवर. फलकावर सूचना लागली: 'मासळी आपली, नाकं आमची. विचार व्हावा.' (सही नव्हती, पण अक्षर नागोरावांचं.) आमच्या सौ. निशाने डोळ्यांत पाणी आणून बोंबील टाकून दिले. वास तिथेच. उलट बागेला पाणी सोडलं की वाढायचा.

शेवटी प्लॅन्ट चालवणारा सुखदेव वर आला (एक ते चार तोही छान झोपत असे) आणि म्हणाला, "साहेब, जंतू मेले." मी म्हणालो, "बरं झालं." मामा, जन्मभर आपण फिनेल टाकतो, हात धुतो, ते कशासाठी? जंतू मेल्याचं दुःख करायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. दुपारी हवा तोडून आम्ही तळघरात अब्जावधी कष्टाळू जीव गुदमरवले, आणि वर सतरंज्या घालून घोरत पडलो. मी मटकन खुर्चीत बसलो. अजून नीट उठलेलो नाही.

धक्का एवढ्यावरच थांबता तरी चालतं. पण येत्या रविवारी राजनंदिनीचा साखरपुडा याच बागेत आहे. पत्रिका गेल्या, दुसरीकडे हॉल मिळत नाही, आणि व्याही सदाशिव पेठेतले. नावं ठेवायला त्या मंडळींना वास लागतोच असं नाही, इथे तर आम्ही तो आयता पुरवतो आहोत. पोरीने तर काल खिडकी लावून घेतली आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. मला फार वाईट वाटलं.

आणि तिकडे आपल्या गावचा मासळी बाजारामागचा प्लॅन्ट खणखणीत चालतो, खाडीत पुन्हा कालवं मिळू लागली, असं मामी सांगतात. कसं जमवलंत? गावात दुपारी कुणीच झोपत नाही का?

मामींना नमस्कार. आपण साखरपुड्याला यालच.

आपला,
आनंद

ता. क. येताना गाडीत आपल्या प्लॅन्टमधला जिवंत गाळ चार-सहा कॅन भरून आणावा. त्या विरजणावर आमची टाकी लागेल असं सुखदेव म्हणतो. मात्र रविवारची वाट न पाहता पत्र मिळताच निघावं. कॅनची झाकणं सैल ठेवावीत, जंतूंना हवा लागते. काचा खाली ठेवाव्यात, ती आपल्याला लागेल.

ता. क. २. ठराव अजून रद्द झालेला नाही. नागोराव 'आधी माझी झोप' म्हणतात. म्हणून परतीच्या गाडीत, कॅनच्या जागी, त्यांना महिनाभर आपल्याकडे न्यावं. समुद्राच्या गाजेत दुपारची झोप फार गाढ लागते असं सांगून मी त्यांना तयार केलं आहे. जेवणाखाण्याचा त्रास नाही, माणूस गोड आहे.

फक्त ग्रामसभेला नेऊ नका.