कापलेल्या पानाची कबुली

पप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज प्रथमच तुम्हाला जाब विचारायला बसले आहे. आईचे गुडघे आता देवळाच्या पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून यंदा उपवासकाळाची उपासना आम्ही दोघी कर्वेनगरच्या घरीच करतो. दिवे लागले की टीव्ही बंद, एक गीत, एक उतारा, थोडी शांतता आणि प्रार्थना. ईस्टरच्या आधी मन झाडून घ्यायचं, ही तुमचीच शिस्त. मंगळवारी मी शिष्य पेत्राने प्रभू येशूला नाकारलं तो भाग वाचत होते. आई मध्येच म्हणाली, "थांब. ते पान मी कापलं होतं."

कुठलं पान, हे मला विचारावं लागलं नाही. मी तेरा वर्षांची होते. उपवासकाळाच्या पहिल्याच बुधवारी तुम्ही घरचं मोठं पवित्र शास्त्र उघडलंत आणि आपल्या घरातले जन्म-मृत्यू लिहिलेलं पहिलं पान जागेवर नव्हतं. कसबा पेठेतल्या छापखान्यात पुस्तकं बांधणारे तुम्ही. शिवणीवरून बोट फिरवून म्हणालात, "फाटलेलं नाही. ब्लेडने कापलंय." घरातलं ब्लेड माझ्या कंपासपेटीत असायचं. त्या दिवसापासून रोजच्या प्रार्थनेत तुम्ही मध्येच थांबायला लागलात. "ज्याच्या मनात काही दडलंय, त्याने ते बाहेर काढावं." डोळे मिटलेले, पण तोंड माझ्याकडे. मी म्हणायचे, "मी नाही कापलं." तुम्ही म्हणायचात, "आमेन." एकदा छापखान्यात डबा घेऊन आले, तर खळीने बरबटलेले हात पुसत सगळ्या कामगारांसमोर म्हणालात, "खरं बोललीस तर डबा गोड लागेल." ते हसले. मी लक्ष्मी रोडपर्यंत रडत गेले.

प्रभूच्या मरणाच्या दिवशी, उत्तम शुक्रवारी, मी सांगून टाकलं, "मी कापलं." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "क्षमा झाली. आता हा विषय बंद." पान कुठे आहे, हे तुम्ही विचारलंच नाहीत. तेव्हा मला ती तुमची दया वाटली. आता नेमका त्याचाच संशय येतो.

कारण त्याच मंगळवारी आईला मी विचारलं, "पप्पांना माहीत होतं?"

"तिसऱ्या आठवड्यात मीच सांगितलं. तुझ्याआधीची मुलगी आठ दिवसांची असताना गेली, तिचं नाव होतं त्या पानावर. रोज शास्त्र उघडलं की ते आधी दिसायचं. मला सोसेना. कापलं आणि स्टोव्हवर जाळलं."

"मग ते मलाच का विचारत राहिले?"

आई पदर सारखा करत म्हणाली, "एकदम थांबले असते तर तू माझ्याकडे बघितलं असतंस."

म्हणजे पप्पा, अर्धा उपवासकाळ तुम्ही देवासमोर बसून नाटक केलंत? बायकोचं दुःख झाकायला मुलीला चोर ठरवलंत? ईस्टरच्या सकाळी मला स्वतः बांधलेला नवा करार दिलात, मरून रंगाच्या कापडी बांधणीचा, पाठीवर सोनेरी अक्षरात माझं नाव. ते बक्षीस होतं की भरपाई? मी पुस्तक हातात घेतलं तेव्हा तुम्ही खिडकीकडे बघत होतात. मला वाटलं, उजाडलंय का ते बघताय. आता तुमची प्रत्येक नजर मला पुन्हा तपासून बघावीशी वाटते, आणि तपासायला तुम्ही नाही.

दोन दिवस मी उपासना घेतली नाही. आई मात्र दिवेलागणीला आपल्या खुर्चीत येऊन बसायची. आज उत्तम शुक्रवार, म्हणून शेवटी मीही बसले. गीत झाल्यावर तिने विचारलं, "त्यांच्यावर राग आहे तुझा?"

"आहे."

"आणि माझ्यावर?"

ते पान मी कधी नीट वाचलं नव्हतं. मी म्हटलं, "त्या बाळाचं नाव काय होतं?" तिने सांगितलं. आम्ही दोघींनी ते नाव घेऊन प्रार्थना केली. माझ्या आठवणीत आपल्या घरात पहिल्यांदाच.

हे पत्र कुठे टाकायची सोय नाही, आणि असती तरी मी ते टाकलं नसतं, कारण तुम्ही उलटून विचारलं असतंत, "मग तू खोटी कबुली का दिलीस?" आईला मी कायम सांगत आले की घरात शांतता यावी म्हणून तेव्हा खोटी कबुली दिली. तसं नव्हतं, पप्पा. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आमच्या देवळातल्या तरुण संघाची सहल खडकवासल्याला जाणार होती, आणि गुन्हा कबूल केल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नव्हतात.