सातपट सुरक्षित

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (घालायला वाकलो, पण कंबरेने अर्ध्यातच नकार दिला. उरलेला मनोमन समजून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजी गेल्यापासून तू औषधाच्या वेळा चुकवतेस अशी तक्रार भाचीने केली आहे. ती खोटी असेल असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे. लिहिलं असं समज आणि पुढे वाच.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या गॅलरीतल्या दोन कुंड्या कोणीतरी पळवल्या, त्याच आठवड्यात 'आपला देश शेजाऱ्यांपेक्षा सातपट सुरक्षित' हा तक्ता तू वर्तमानपत्रात पाहिलास, तो आपल्याच भावाने केला हे कळून तुझा ऊर भरून आला, आणि आता त्या शेजारच्या देशातलं घर विकून तू कायमची इकडे येणार. ताई, घराचा इसार घेतला नसशील तर घेऊ नकोस. घेतला असशील तर आजच परत कर.

तक्ता मीच केला हे खरं. आमच्या खात्याचं काम म्हणजे आकडे गोळा करून वर पाठवणं. (वर कोण असतं हे मी अजून पाहिलेलं नाही.) साहेब म्हणाले, शेजारच्या देशाशी गुन्ह्यांची तुलना हवी, उद्या सकाळी. मी परोपरीने सांगितलं की त्यांची घरफोडी वेगळी, आपली वेगळी. तिकडे कोणी न विचारता घरात शिरला की झाली घरफोडी. आपल्याकडे तुटलेलं कुलूप दाखवावं लागतं. तिकडे नवऱ्याने बायकोला मारलं तर ती जितक्यांदा चौकीत येईल तितके गुन्हे. आपल्याकडे जन्माचे सगळे मिळून एक, तोही ती माहेरची चार माणसं घेऊन आली तर. ते तक्रार आल्याबरोबर मोजतात, आपण निकाल लागल्यावर मोजतो, आणि निकाल लागेपर्यंत चोराला नातवंडं झालेली असतात. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. हे खाली बारीक अक्षरात टाका." मी टाकलं. वर्तमानपत्रात जागा अपुरी पडली म्हणून त्यांनी बारीक अक्षरं काढली. सातपट तेवढं उरलं.

आता खरं दुखणं सांगतो. गेल्या महिन्यात आम्ही दोघं मेहुण्याकडे मुक्कामाला गेलो होतो. परत आलो तर घराचं पुढचं दार नाही. उघडं होतं असं नव्हे, नव्हतंच. बिजागऱ्यांचे स्क्रू नीट काढून कुणीतरी अख्खं दार नेलं, आणि जाता जाता मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ आणि तुझ्या भावजयीचं शिलाई मशीनही.

चौकीतला हवालदार सज्जन निघाला. आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कुलूप तुटलंय का?" मी म्हटलं, कुलूप दाराबरोबर गेलं. "म्हणजे तुटलेलं कुलूप नाही. आणि दारच नसलेल्या घरात माणूस शिरला, तर त्याने फोडलं काय?" मी वाद घालू लागलो तेव्हा त्याने भिंतीवर चिकटवलेलं कात्रण दाखवलं. माझाच तक्ता. वरून ताकीद आली आहे म्हणे, सातपटीचं सहापट होता कामा नये. शेवटी त्याने 'दार व इतर सामान गहाळ' अशी नोंद केली आणि बजावलं, की पंचनामा होईपर्यंत नवं दार बसवायचं नाही, पुरावा नष्ट होतो. पंचनामा कधी, विचारलं. गहाळ वस्तूचा पंचनामा नसतो, म्हणाला. सध्या चौकटीला चादर टांगली आहे.

ताई, तुझ्या कुंड्यांसाठी दोन पोलीस जिना चढून आले. तू केलेला चहा प्यायले, कुंड्यांचा रंग लिहून घेतला, आणि नंतर फोन करून भीती वाटते का म्हणून चौकशी केली. तुझ्या कुंड्या त्यांच्या आकड्यात आहेत. माझं दार आमच्या आकड्यात नाही. तिकडचा आकडा फुगलेला दिसतो, कारण तिकडे कोणीतरी ऐकून घेतं. मी फार थकलो आहे. तू आहेस तिथेच राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. साहेबांना दाराचं सांगितलं. म्हणाले, कामात मन रमवा. पुढच्या वर्षी दहापट करायचं आहे.

ता. क. दुसरा. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं, "येणाऱ्या माणसाला नको म्हणता?" एवढंच म्हणाली आणि माझ्याशी बोलणं टाकलं. तिचंही खरं आहे. दिवसा ती उंबऱ्यात खुर्ची टाकून बसते, रात्री मी. ती आत जेवते तेव्हा मी बाहेर, मी जेवतो तेव्हा ती. दार गेल्यापासून आम्ही दोघं एका वेळी जेवलेलो नाही.

ता. क. तिसरा. वरचं अक्षर न् अक्षर खरं आहे, त्यातलं काहीही मागे घेत नाही. घर विकू नकोस. पण थोडे दिवस ये. तुझं ताट आम्ही उंबऱ्यातच आणून देऊ.