नणंदेच्या तेलापासून माझा पाय सोडविणेबाबत

दि. १५ फेब्रुवारी २००८

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
खाडीकाठ शस्त्रक्रिया रुग्णालय,
रामवाडी, पेण.

विषय : मला खाटेवरून उठू देणेबाबत व वजन दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : डॉक्टरसाहेबांची तोंडी सूचना.

महोदय,

मी खाली सही करणारी, मिठागरात काम करणारी बाई, कळविते की मंगळवारी आपल्याकडे माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. ते उत्तम झाले, तक्रार त्याबद्दल नाही. अंगाने जड माणूस ऑपरेशननंतर पडून राहिला तर पायात रक्ताची गुठळी होते, ती फुप्फुसात गेली तर जीव जातो, म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालायचे, असे डॉक्टरसाहेबांनी मला बजावले होते.

परंतु सोबतीला माझी नणंद धोंडुबाई आहे. आमच्याकडे ऑपरेशनवाल्या बाईचा पाय जमिनीला लागला, तर सोबतिणीची अब्रू जाते. मी उठू लागले की ती पायथ्याशी बसते आणि "नको उठूस गो, टाकं तुटतील" म्हणत पाय दाबते. आमच्या गावाहून, कासूहून, भेटायला येणाऱ्या बायकाही तिचीच री ओढतात. सिस्टरबाईंना सांगितले, तर मी गुंगीत बरळते असे सांगून तिने त्यांना वाटेला लावले.

दुसरे असे की, गुठळीसाठीचे इंजेक्शन वजन बघून ठरते. आपला काटा शंभरावर थांबतो, म्हणून तोंडी विचारले, आणि मी बोलण्याआधी तिने पंच्याऐंशी सांगून टाकले. चारचौघांत माझी लाज राखली म्हणते. मिठागराच्या काट्यावर मी एकशे अठरा भरले, ते सगळ्या गावाने पाहिले आहे. लाज गेली तरी चालेल, जीव राखावा.

तिची तक्रार करताना मला वाईट वाटते. घरदार टाकून ती इथे फरशीवर झोपते. तिचा माझ्यावर जीव आहे, म्हणूनच मला सुटता येत नाही. मला फार भीती वाटते.

आज सकाळपासून माझी डावी पोटरी सुजून गरम लागते आहे. सुजलेला पाय चोळू नका, असे डॉक्टरसाहेब म्हणाले होते. धोंडुबाईने वाटीत तेल काढून ठेवले आहे.

सदर अर्ज घेऊन तीच आपल्यासमोर उभी आहे. तिला वाचता येत नाही. मला जेवण कमी पडते असे लिहिले आहे, असे मी तिला सांगितले, म्हणून ती लगबगीने निघाली. तरी अर्ज मोठ्याने वाचू नये. तिला खुर्ची देऊन जेवणाबद्दल विचारावे, ती बराच वेळ बोलेल. तेवढ्यात डॉक्टरसाहेबांना माझ्याकडे पाठवावे.

आपली नम्र व अद्याप खाटेवरच असलेली,
(सही)
रंभा कान्हू म्हात्रे
रा. कासू, ता. पेण
स्त्री वॉर्ड, खिडकीजवळची खाट