संगीताचं दूध, माझी लेक

४ नोव्हेंबर, बेला
तेजू साडेचार महिन्यांची. पावडरच्या दुधानं आधीच पुरळ यायचं, म्हणून आज डबा बदलून पाहिला. दोन घोट, आणि ओठ टम्म, अंगभर गांधी. आदिलाबादला पळालो. डॉ.बाईंचं निदान : गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी. माझं दूध तर दुसऱ्याच महिन्यात आटलं. खास पावडर लिहून दिली; नागपूरहून मागवायची. तोवर त्यांनी दिलेला एकच लहान डबा.
घरी धाकटी जाऊ संगीता अंगणात कापूस निवडत होती. तिचा गोलू मातीत, ढेकूळ तोंडात. कातडी लोण्यासारखी. पाहवेना.

५ नोव्हें.
वाचलं होतं ते डॉ.बाईंना फोनवर विचारलं. आईचे जंतू जन्मताना, मग अंगाला लागून, दुधातून बाळात जातात. कुणाशी भांडायचं, कुणाशी नाही, हे त्याच्या शरीराला शिकवतात. त्यातून अ‍ॅलर्जी टळत असावी. "असावी, मॅडम. सिझर झालं हा तुमचा दोष नाही."
आणि मी गावोगाव स्वच्छतेची भाषणं देत स्टेजवरून जंतूंविरुद्ध युद्ध पुकारणारी! तेजूला घ्यायचं तर सासूबाईंनाही साबण लावायला लावला.
संगीताला एक पान न वाचता सगळं मिळालं. हेवा वाटतो. लिहून टाकलं.

७ नोव्हें.
संगीता : "ताई, पावडर येईलोक मी पाजते ना. माह्यं दूध काय इख हाय?"
डॉ.बाई : आधी तिचं रक्त तपासा. तिला दूध-दही बंद, ते अंगावरच्या दुधात उतरतं. आणि त्यानं अ‍ॅलर्जी जाईलच असं नाही.
सुटले, वाटलं. संगीता चहाशिवाय हलत नाही.
"सोडला," म्हणाली. "काळा पेते."
नाही म्हणायला एक कारण ठेवलं नाही बाईनं.

९ नोव्हें.
नेरडीगोंड्याला भाषण. विषय : बाईनं बाईला साथ द्यावी. टाळ्या पडल्या. जीपमध्ये तोंड लपवून बसले.

११ नोव्हें.
संगीताचे रिपोर्ट चांगले. पावडर संपली. पार्सल नागपुरातच. तेजू रडून रडून लाल.
हे म्हणाले, "तुले काय पायजे? लेकरू, का इज्जत?"
संगीता हात धुऊन ओसरीवर बसलीय. तेजूला घेऊन गेले. म्हटलं, एकच अट. पाजताना तिच्याकडे पाहायचं नाही.
संगीता हसली नाही. "मी नाई पायत, ताई. पन तिनं माह्याकडं पायलं तं?"
तशीच आत आले, एका हातानं हे लिहितेय. तेजू अजून माझ्याच कडेवर.