मायचा राहिलेला डाव

ती. अक्का,

तुझ्या पाया पडतो. दाजींनाही नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेऊ नकोस; ते नको त्या जागी हसतील. तुझी कंबर कशी आहे? कापूस वेचायला वाकू नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे तू वाकतच असशील. इकडे वाटूरला आम्ही मजेत आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. (मजेत कोणी नाही, पण आजारीही कोणी नाही.) हाताचं अक्षर पाहून तुला नवल वाटेल. राखी मिळाल्याची पोचसुद्धा कॉम्प्युटरवर छापून पाठवणारा तुझा भाऊ आज पेन का घासतोय, तेच सांगायला बसलो आहे.

माझं टेबल तू पाहिलेलं आहेस. मशीनचं झाकण मी कधी लावत नाही (आत हवा लागते, असं मी लोकांना सांगतो, खरं तर त्याचे स्क्रू हरवले आहेत). भोवती फ्लॉप्या, वायरींची गुंतवळ, लग्नपत्रिकांचे नमुने, तुटका स्पीकर, आणि कीबोर्डच्या फटींत सुपारीचा चुरा. सुपारी मायची. तिनं मशीनवर पत्ते खेळायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. कसलं काय! मी जालन्याला कागद आणायला गेलो की ती खुर्चीवर चढून बसायची. माऊसखाली तिनं जुन्या खणाच्या चोळीची घडी ठेवली होती. पत्त्यांच्या पाठीवर तिला ताडाच्या झाडाचंच चित्र लागायचं, कारण त्यातला सूर्य मधूनच जीभ काढतो. पहिला डाव सुटला आणि पत्ते सगळ्या पडद्यावर उड्या मारत सांडायला लागले, तेव्हा ती ओरडली, "मच्छिंद्रा, धाव! मोडलं रे मोडलं!" आणि पदर पसरून टेबलाखाली वाकली. तुझी भावजय नंदा हसून हसून खाली बसली होती.

दिवाळीनंतरच्या त्या दुपारी काय झालं ते तुला ठाऊक आहे. डाव अर्धा टाकून ती पाणी प्यायला उठली, "मी आलेच, हात लावू नका" म्हणाली, आणि माठापाशीच बसली. मग जीप, मग जालना. तिथून पुढचं तू पाहिलंस. तुला ठाऊक नाही ते एवढंच, की सकाळी तिला घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा मशीन चालूच होती. पडद्यावर तिचा डाव जसाच्या तसा. या खेळात डाव ठेवून देण्याची सोय नसते, अक्का. मशीन बंद झाली की डाव गेला.

अंगणात माणसं जमली होती. त्यात जालन्याचा सिराजोद्दीन आला होता, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा, माझा शाळेपासूनचा दोस्त. मी त्याला बाजूला घेतलं. (लोकांना वाटलं, सरणाच्या लाकडांचं बोलतोय.) म्हटलं, "सिराज, लाइट जाईल. यूपीएस वीस मिनटं चालतं. काहीतरी कर." तो म्हणाला, "वेडा झाला का तू? आज हे काय काढलंस?" मी त्याला आत नेऊन पडदा दाखवला. मग तो बाहेर गेला. स्वतःच्या जीपची बॅटरी काढून आणली, यूपीएसला जोडली, आणि आमच्याबरोबर मसणात येऊन तिथून एसटीनं घरी गेला. जीप आमच्या दारात उभी राहिली, तिच्यात कोंबडीनं अंडी घातली. दहाव्याला तू विचारलंस, "ही जीप कोणाची?" मी म्हणालो, पाहुण्यांची. तू म्हणालीस, "ते डबडं बंद कर की रे, लाइट जळून राह्यली." मी नुसता पडदा बंद केला. आत डाव चालूच होता.

नंतर भारनियमन वाढलं. लाइट एवढी जायला लागली की बॅटरी भरायलाच सवड मिळेना. मी मंडपवाल्या रामकिसनचं जनरेटर आणून ओसरीत बसवलं. त्याचा आवाज पार फाट्यापर्यंत जायचा. पहिल्याच दिवशी दोन पाहुणे हातात आहेराची पिशवी घेऊन दारात उभे. "लग्नघर हेच ना?" आता काय सांगावं? नंदानं त्यांना पाणी दिलं, बसवलं, मायची गोष्ट सांगितली. ते बिचारे आहेर तसाच मांडीवर घेऊन डोळे पुसत बसले, आणि त्यांचं खरं लग्न तिकडे लागून गेलं.

गंमत बघ. एरवी दिवसातून दोनदा अडकून बसणारी माझी मशीन या दिवसांत एकदाही अडकली नाही. मीच तिच्यावर दुसरं काही काम करत नव्हतो. पत्रिकांचा हंगाम सुरू, आणि मी गिऱ्हाइकांना मशीन बिघडली म्हणून सांगत होतो. गेल्या आठवड्यात तातेराव आले, आपल्या शेजारचे, मुलीची पत्रिका करायला. माझ्या खांद्यावरून त्यांना पडदा दिसला. म्हणाले, "बिघडली कुठं? पत्ते खेळून राह्यलास की तू!" आणि उठून गेले. कधी नव्हे ते चहासुद्धा न घेता.

ते गेल्यावर नंदा टेबलापाशी आली. मला वाटलं, आता भांडण. ती खुर्चीवर बसली, माऊस धरला, आणि किलवरच्या दश्शीवर चौकटची नव्वी ठेवली. बराबर, न चुकता. मी ओरडलो, अक्का. लग्नानंतर पहिल्यांदा असा ओरडलो. "मायचा डाव आहे तो! तुला काय कळतंय त्यातलं?"

तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "आत्याबाईला मोतीबिंदू होता. लाल-काळं दिसायचं, आकडे दिसत न्हवते. आकडे कोण सांगत होतं वाटलं तुम्हाला? तुम्ही जालन्याला गेल्तात की आम्ही दोघी बसत होतो. त्या दिवशी पण मी इथंच होते, स्टुलावर. ही नव्वी उचलायची असं मी त्यांना म्हणत होते, अन् त्या म्हणल्या, थांब, पाणी पिऊन येते."

एवढे दिवस घरात एकट्या माझीच माय गेली आहे अशा थाटात मी वावरत होतो, आणि ही बाई माझ्यासाठी जनरेटरच्या धुरात भाकरी थापत होती. मी स्टूल ओढलं. ती खेळली, मी बघत राहिलो. इस्पिकची राणी निघाली, बदामचा राजा मोकळा झाला. एकदा वाटलं, सुटतोय. पण किलवरची दुर्री कुठल्या तरी गड्डीखाली अडकली होती, ती काही हाताला लागली नाही. नंदानं उरलेले पत्ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. मग माऊस सोडला. "न्हाई सुटत," ती म्हणाली, "जेवून घ्या."

मशीन मीच बंद केली. तिचा पंखा थांबला तेव्हा घर एवढं शांत झालं की बाहेर कोणाची तरी सायकल गेलेली ऐकू आली. मी नाही रडलो. ताटावर बसलो, दोन भाकरी खाल्ल्या. तेव्हा आता सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस. वेचणी सोडून इकडे येण्याची बिलकुल गरज नाही. दाजींना जपून राहायला सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. : मशीन दुसऱ्या दिवशी चालू केली, ती झाली नाही. सिराजनं येऊन पाहिली. म्हणाला, एवढे दिवस ती नुसत्या भिडेनं चालू होती. सुटा भाग औरंगाबादहून यायचा आहे. म्हणून हे पेन.

ता. क. २ : तातेरावांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. पत्रिका त्यांनी परतूरला करून घेतली आहे. त्यात नवरीचं नाव चुकलं आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ता. क. ३ : येण्याची गरज नाही असं वर लिहिलंय, ते खोडत नाही, कारण कागद खराब होतो. पण ये. नंदा दुपारची कामं आटोपून त्या स्टुलावर जाऊन बसते, समोर काळा पडदा. मी गेलो की उठते आणि चहाचं विचारते. माझ्यापाशी ती रडत नाही; मी कसा ओरडलो ते तिनं पाहिलंय. तू आलीस तर रडेल. तेवढ्यासाठी ये, वेचणी राहू दे. तुमच्या दोघींचं झालं की मलाही आत बोलाव.